टरफलांचा कोळसा आणि माझी अकडलेली मान

अहो, माझी जी काही शोभा झाली ना, ती कोरड्या घशानं सांगवणार नाही. आधी चहा ओता!

मी दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन राहतो आणि जवळच्याच एका संस्थेत पीएचडी करतो. काम काय? तर भुईमुगाची टरफलं हवा न लागू देता भाजून कोळसा करायचा, त्यावर लोखंडाचा थर चढवायचा. हा कोळसा आणि थोडं पेरॉक्साइड पाण्यात घातलं, की त्यात उतरलेल्या औषधांचा फडशा! अख्खी दिल्ली ऊठसूट गोळ्या गिळणार, ते सगळं शेवटी यमुनेत जाणार, आणि निस्तरायचं कोणी? आम्ही!

आम्ही म्हणजे मी. कारण माझा जोडीदार खन्ना! नुसती बाटली विसळायची, तरी हा ऑपरेशनला निघाल्यासारखे हातमोजे चढवणार. ज्याचा स्वतःच्या बोटांवर भरवसा नाही, त्यानं घालावेत मोजे. मी कशाला घालू?

सोमवारी पैसे देणारी समिती प्रयोग बघायला येणार होती. प्रयोग फसला तर प्रकल्प बंद, माझी फेलोशिपही बंद. शुक्रवारी मी दुखण्यावरच्या औषधाचं पाणी कोळशातून काढून यंत्रात तपासलं. बघतो तर काय, औषध कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं!

"खन्ना, बोतल धोई थी?"

"कसम से धोई थी, भाई."

"धोई थी, या दूर से दर्शन दिए थे?"

मग मी नुसतं शुद्ध पाणी तपासलं. त्यातही तेच औषध! माझं डोकंच फिरलं. तडक आमच्या गाईड मॅडमना बोलावून आणलं.

"मॅडम, इसको प्रोजेक्ट से निकालिए. गंदे हाथ हैं इसके!"

खन्ना बिचारा रडकुंडीला आला. मॅडम बाटल्या बघत बघत माझ्यापाशी आल्या आणि थबकल्या.

"ये मलहम की बू कहाँ से आ रही है?"

"मुझसे, मॅडम. गर्दन अकड़ गई है, सुबह से लगा रहा हूँ."

"दिखाओ."

मी खिशातून ट्यूब काढली. खन्नानं ती हिसकावून घेतली आणि त्यावरचं औषधाचं नाव वाचून तो किंचाळलाच, "अरे यार, यही तो हम पानी में ढूँढ रहे हैं!"

कळलं ना? दिवसभर मी मान चोळत होतो आणि त्याच उघड्या बोटांनी बाटल्यांना बुचं लावत होतो!

सोमवारी प्रयोग खन्नानं केला. औषध जवळजवळ नाहीसं! समिती खूश, प्रकल्प वाचला. मला मात्र मॅडमनी पार दाराशी उभं केलं होतं. जाता जाता समितीतल्या एका साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "और ये क्या करते हैं?"

मी छाती फुगवून तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "सर, पानी में दवा ये डालते हैं. निकालता खन्ना है."