रायीची झाडलोट

लवूकाकांनी छत्तीस वर्षं रे रोडच्या लाकडाच्या वखारीत काढली. स्वभाव तिखट, आणि कचऱ्याशी जन्माचं वैर. लालबागच्या चाळीतली आमची गावकीची खोली तेच झाडतात. दुसऱ्या कोणी झाडली तर पुन्हा झाडतात.

गावी आमची राय आहे, देवाच्या नावानं राखलेलं, सगळ्या गावाच्या मालकीचं जंगल. दर मे महिन्यात आम्ही मुंबईकर काकांच्या हुकुमाखाली ती साफ करतो. पाला गोळा करून जाळायचा, खालची झुडपं कोयत्यानं छाटायची. काका पुढे, आम्ही घामाघूम मागे. देवाची सेवा म्हणून कोणी कुरकुरत नाही. मी कुरकुरतो, पण मनातल्या मनात.

या फेब्रुवारीत रविवारच्या सभेत श्रेया कागद घेऊन उभी राहिली. ही आमच्याच गावची, वरच्या माळ्यावर राहणारी, वनस्पतिशास्त्र शिकलेली मुलगी. दिवाळीत तिनं रायीत दोरीनं चौकोन आखून झाडं मोजली होती.

"मोठी झाडं एकशे बारा, बरीचशी किंजळीची," ती म्हणाली. "त्यांच्याखाली रोप एकही नाही. ही म्हातारी झाडं पडली की राय संपली. साफसफाई थांबवूया, आणि दरवर्षी मोजणी करूया."

"देवाच्या रायीत शास्त्र कशाला?" गावकीतलाच हेरंब तडकला. "परंपरा आहे ती! आणि आज मोजणी आली, उद्या सरकारी कुंपण येईल."

कुंपणाची भीती मलाही खोटी वाटली नाही. श्रेया शांतपणे म्हणाली, "मोजणार आपणच, ठरवणारही आपणच."

सगळे काकांकडे बघू लागले. रायीच्या बाबतीत त्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नाही. ते 'नाही' म्हणाले असते तर विषय तिथेच मिटला असता.

तेवढ्यात ऐंशी पार केलेल्या कमलाबाई बोलल्या, "खयची परंपरा? माझी सासू रायीतलो पालो उचलूक देय नाय. पडलेली लाकडां तेवढी घरा हाडूची."

काका सावकाश उभे राहिले.

"परंपरा नाय ती," ते म्हणाले. "मियाच सुरू केलंय. वखारीत कचरो ऱ्हवलो की वाळवी लागता, आग लागता. माका वाटला, देवाची राय वखारीसारखी लख्ख होयी." त्यांची नजर श्रेयाच्या कागदावर गेली. "तीस वर्सां देवाची पोरां मियाच तोडलंय."

मला फार वाईट वाटलं. कोयते आमच्याही हातात होते, पण तसं म्हणायला कोणाची जीभ उचलेना.

साफसफाई थांबवायला पहिला हात काकांनीच वर केला. मग एकेक करून सगळ्यांचे वर गेले, शेवटी हेरंबचाही. सभा उठली तरी काका श्रेयाजवळ घुटमळत राहिले.

"मे म्हयन्यात माका तुझ्या वांगडा ने, बाय," ते हळूच म्हणाले. "किंजळीचो रोपो कसो दिसता, ता माका ठावक नाय."