सगुणाची चिमूट

पूर्णगडच्या खारवीवाडीत सगुणाला कुणी घाबरट म्हटलं असतं, तर म्हणणाऱ्याचीच लोकांनी टर उडवली असती. नवरा हरिश्चंद्र बोटीवर खलाशी, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. घरात अंथरुणाला खिळलेला सासरा, तीन पोरं, अंगणात सुकत घातलेली मासळी आणि तिच्यावर टपलेले कावळे. ही बाई सगळ्यांना पुरून उरायची. बंदरावर ती दलालाशी भांडायला लागली की आवाज वर किल्ल्यापर्यंत जायचा. तिला भीती ठाऊक झाली ती शहाऐंशीच्या वैशाखात, आणि ती कशी झाली हेच सांगायचं आहे.

सगुणा शिकलेली जेमतेम चौथी. पण तोंड धीट आणि हात चलाख, म्हणून रत्नागिरीच्या एका आरोग्य संस्थेनं तिला वाडीची आरोग्यसेविका केली. अशा बारा गावच्या बारा जणी होत्या. त्यांना शिकवायला संस्थेनं आधी पुण्याहून मोठमोठी माणसं आणून बघितली. ती यायची, तक्ते टांगायची, आमच्या बायका माना डोलवायच्या आणि घरी जाऊन आपलं तेच करायच्या. शेवटी यमुनाबाई वैतागल्या. यमुनाबाई म्हणजे संस्थेत या कामावर देखरेख करणाऱ्या, जन्मभर नर्स म्हणून राबलेल्या, ताठ कण्याच्या बाई. त्यांनी बाहेरचा मास्तर बंदच केला. महिन्यातून एकदा बाराही जणींनी रत्नागिरीत बसायचं, आणि जिला जे चांगलं येतं ते तिनं बाकीच्यांना शिकवायचं. कुणी बाळाचं वजन घ्यायला शिकवलं, कुणी हट्टी सासूला वळवायला. हे दुसरं शिकायला तर सगळ्यांनी कान टवकारले होते.

बैठकीच्या सुरुवातीला यमुनाबाई नेमानं विचारायच्या, "या महिन्यात कुणाचं काय चुकलं?" दोन वर्षांत उत्तर काय आलं असेल? "बाई, माझी एसटी चुकली." हशा व्हायचा आणि पुढचं काम सुरू. स्वतःची चूक चारचौघींत कोण सांगतंय? घरी सांगत नाही माणूस, तर बैठकीत!

चैत्रातल्या बैठकीत पाळी सगुणाची होती. जुलाब झालेल्या पोराला द्यायचं मीठ-साखरेचं पाणी. तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी, मूठभर साखर, आणि तीन बोटांच्या टोकांवर मावेल तेवढीच चिमूट मीठ. मग चाखून बघायचं. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं. असा तो नियम. सगुणानं नियमाप्रमाणं पाणी केलं, चाखलं, आणि तिला काही लागेचना. लागणार कसं? सातव्या वर्षापासून ही पोर मिठात हात घालून बांगडा खारवत आलेली. खारवलेल्या मासळीवर वाढलेल्या जिभेला ती चिमूट काय कळणार! पण हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिला वाटलं, चिमूटच कमी पडली.

"अशी टोकावर नाय घ्यायची गो," तिनं ठसक्यात सांगितलं. "दुसऱ्या पेरापर्यंत बोटं मिठात बुडवायची. ही बघा, अशी." अकरा जणींनी ते पाणी चाखलं, माना हलवल्या आणि टाळ्या वाजवल्या. यमुनाबाई त्या दिवशी तापानं घरी होत्या. सगुणा मात्र त्या दिवशी एसटीत खिडकीशी अशी बसली होती की जणू गाडी तिच्याच मालकीची.

पुढच्या महिन्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि वाडीत जुलाब सुरू झाले. शेजारच्या राहीचा दहा महिन्यांचा बाळा सोमवारी सकाळपासून गळाठला होता. सगुणानं स्वतःच्या हातानं पाणी केलं, दुसऱ्या पेराची चिमूट घातली आणि चमच्याचमच्यानं पाजलं. पोर पाणी थुंकायचं, तोंड फिरवायचं. "पी रे बाबा, मेल्या, पी," म्हणत हिनं पाजलंच. रातभर राहीनं तेच पाणी दिलं, संपलं तेव्हा सगुणानं दाखवलं तसंच आणखी केलं. मंगळवारी उजाडता उजाडता बाळाचे डोळे पांढरे झाले आणि त्याला झटके यायला लागले.

मासळीच्या टेम्पोतून त्याला रत्नागिरीला नेलं. तिथल्या डॉक्टरानं राहीच्या हातातली त्या पाण्याची बाटली घेतली, दोन थेंब जिभेला लावले आणि तो थूः करून थुंकला. "काय पाजलंत या पोराला? समुद्र?" तो राहीकडे वळला. "अक्कल नाही का तुला? आई आहेस ना? आणखी चार घोट गेले असते तर पोर हाताला लागलं नसतं!" राहीला वाटलं, आपल्याच हातून काही जास्त पडलं असेल.

आणि सगुणा? ती राहीच्या शेजारीच उभी होती. दलालाला गप्प करणारी तिची जीभ टाळ्याला चिकटली. तिच्या मनात एकच आलं, दुसरं पेर. सलाईन लागलं, संध्याकाळी बाळा रडला, डॉक्टर म्हणाला, "वाचलं." तेव्हा कुठे सगुणाचे पाय तिला घेऊन बाहेर आले. दवाखान्याच्या पायरीवर ती मटकन बसली.

तिथं तिला खरी भीती ठाऊक झाली. बाळा वाचला, पण बाकीच्या अकरा जणी? अकरा गावं, प्रत्येक गावात पंचवीस-तीस तान्ही पोरं, आणि सगळीकडे तिचीच चिमूट! बोलावं, तर काम जाणार, वाडीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, राहीचा भाऊ महिपत कोयता घेऊन दारात येईल. न बोलावं तर... तिच्या डोळ्यांपुढे ते पांढरे डोळे यायचे. बैठक गुरुवारी होती. मधला बुधवार तिनं कसा काढला हे तिचं तिलाच माहीत. ताट तिनं तसंच बाजूला सारलं. सासऱ्यानं विचारलं, "काय गो, ताप येतो काय?" ती म्हणाली, "नाय." आणि चुलीतला धूर लागल्याचं निमित्त करून डोळे पुसले.

गुरुवारी बैठकीला पोचते तर दारातच पाली गावची गोदा भेटली. "सगुणा, तुझी चिमूट आमच्या वाडीत गाजली हो! साऱ्या बायांना शिकवलं मी."

सगळ्या बसल्या. यमुनाबाईंनी चष्मा पुसला आणि नेहमीचं विचारलं, "या महिन्यात कुणाचं काय चुकलं?"

"एसटी," कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

त्या हशातच सगुणा उभी राहिली. "माझं चुकलं," ती म्हणाली. कुणाला वाटलं, हिचीही एसटी. मग तिनं सगळं सांगितलं. पेर, बाटली, झटके, डॉक्टर. आणि राहीला बोलणी बसत असताना आपण गप्प उभ्या होतो, तेही. शेवटी तिनं तांब्या मागवला, चैत्रात केलं होतं तस्संच पाणी केलं आणि यमुनाबाईंच्या पुढे धरलं. बाईंनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे तुम्ही सगळ्यांनी चाखलं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

गोदा म्हणाली, "मला खारट लागलं होतं बाई. पण सगुणा शिकवत होती. माझंच तोंड वाईट असंल, असं वाटलं."

"मलाही लागलं होतं," मालन म्हणाली. मग आणखी एक. मग आणखी चौघी. अकरातल्या सात जणींना त्याच दिवशी कळलं होतं, आणि सातही जणींनी टाळ्या वाजवल्या होत्या. सगुणाला रडू आवरेना. ती रागानंच ओरडली, "मग बोललात का नाय मेल्यांनो? माझ्या एकटीचं काय राज्य होतं तिथं?"

एवढ्यात गोदाच्या तोंडचं पाणी पळालं. "अगो बाय! माझ्या जावेच्या पोराला कालपासून जुलाब. सकाळी तांब्याभर करून ठेवून आलेय. सासूला सांगितलंय, घटकेघटकेला पाज म्हणून!"

यमुनाबाईंनी तिथल्या तिथे संस्थेची जीप काढली. बाकीच्या मिळेल त्या एसटीनं आपापल्या गावी धावल्या, आणि गोदाबरोबर सगुणा जीपमध्ये चढली. पालीपर्यंतचा रस्ता त्या दिवशी संपता संपेना. गोदा पदर तोंडात कोंबून बसली होती. सगुणानं आयुष्यात कधी घेतली नव्हती इतक्या देवांची नावं घेतली. वाडीच्या खाली जीप थांबली आणि दोघी चढण धावत गेल्या.

अंगणात गोदाची म्हातारी सासू, तुळसा, नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. पोर पेंगत होतं, पण डोळे पांढरे झाले नव्हते आणि ओठ ओले होते.

"पाणी पाजलंस?" गोदा किंचाळली.

"कसलं ते पाणी!" म्हातारी फणकारली. "पोरानं पयलाच घोट थुंकलान. मग मी चाखलं. माडाच्या बुंध्यात दिलं ओतून. पेजेची निवळ पाजतेय सकाळपासून. आणि काय गो, रत्नागिरीला जाऊन शिकता, तिथं चाखायला नाय शिकवत कुणी?"

दोघी मातीतच बसल्या. गोदा हसत होती की रडत होती हे सांगता येणार नाही. सगुणाचं मात्र एक काम उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी राही बाळाला घेऊन घरी आली. सगुणा तिच्या दारात गेली आणि उंबऱ्याबाहेरूनच बोलली, "राही, तुझ्या हातून काय जास्त पडलं नाय. मी दाखवलं तेवढंच मीठ तू घातलंस. चिमूट माझी चुकली."

राहीनं पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. ओरडली नाही, महिपतला हाक मारली नाही.

"डॉक्टर मला बोलत होता, तेव्हा तू माझ्या बाजूलाच उभी होतीस ना गो?" एवढंच म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.

संस्थेनं सगुणाला काढलं नाही. पुढं एकोणीस वर्षं तिनं काम केलं. कुठल्याही घरात पाणी केलं की आधी त्या पोराच्या आईला चाखायला लावायची, आणि आई "बरं आहे" म्हणाली तरी तिच्या तोंडाकडे बघत राहायची. बाळा मोठा झाला, बोटीवर गेला, त्याच्या लग्नात सगुणा जेवलीसुद्धा. पण राहीचं दार लोटलेलं दिसलं, की अजूनही ती पाऊल चोरून पुढे जाते.