मावशींची पाच हजार वर्षं

मालिशवाल्या मावशींचे अंगठे भलते हुशार, पण तोंडाच्या नावानं बोंब. अशा बाईला नोकरी मिळाली ती नेमकी जिथे आधी भाषण करावं लागतं तिथे. मालकीणबाईंचा, म्हणजे मॅडमचा नियमच होता: गिऱ्हाईक पालथं पडलं की आधी मालिशचा इतिहास सांगायचा, मगच हात लावायचा. इतिहास मॅडमनी घरी बसून रचलेला. पाच हजार वर्षं, तीन राजे, एक महर्षी आणि अकरा फायदे. केस दाट होण्यापासून स्वभाव सुधारण्यापर्यंत सगळे फायदे त्यात. मॅडम स्वतः रोज मालिश घ्यायच्या, स्वभाव मात्र होता तिथेच होता.

मावशी दुसऱ्या राजापाशी हमखास अडकायच्या. एकदा तर त्यांनी महर्षींनाच गादीवर बसवलं. मॅडमनी बजावलं, "शनिवारी मला पाठ म्हणून दाखवा. नाही जमलं तर सोमवारपासून येऊ नका." नवरा आजारपणानं घरी बसलेला, आणि या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेणार?

शनिवारी परीक्षा घ्यायला बसता बसता मॅडमची मान लचकली. डावीकडे वळली ती वळलीच. त्या कशाबशा आडव्या झाल्या. "मावशी, बघा ना जरा."

मावशींनी हात जोडले. "पाच हजार वर्षांपूर्वी..."

"खड्ड्यात गेली ती पाच हजार वर्षं!"

मावशींना हायसं वाटलं. तेल कोमट करून त्या खांद्यापासून हळूहळू वर सरकल्या, गाठ लागली तिथे अंगठा टेकवून थांबल्या. अर्ध्या तासानं मॅडमना उजवीकडची भिंत दिसायला लागली.

"कुठे शिकलात हो हे?"

"आईचे हात दाबून. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची ती. घरी आली की मनगटं ठणकायची. मी दाबायला बसले की म्हणायची, इथे नाही गं, जरा खाली."

मॅडमचे डोळे भरून आले. नोकरी वाचली.

सोमवारी भिंतीवर नवा फलक: 'माताजींची प्राचीन राजमालिश'. खाली रेशमी कपड्यातल्या, हसऱ्या, कुणातरी भलत्याच म्हातारीचा फोटो. महर्षींना डच्चू. मावशींच्या हातात नवा कागद. त्यात आई राजवाड्यात इस्त्री करत होती. आता बोला.

पहिलं गिऱ्हाईक पालथं पडलं. मावशींनी तिन्ही राजे न अडखळता पार केले आणि फोटोपाशी येऊन थांबल्या. फोटोतल्या बाईची मनगटं कशी गोरीगोमटी, नितळ होती.

मॅडम दारात उभ्या होत्या. मान आता छान वळत होती. "म्हणा ना, मावशी."

मावशींना घरी बसलेला नवरा आठवला. "ही माझी आई," त्या म्हणाल्या, आणि तेलाची वाटी जवळ ओढली.