दर पार्टीला मरणारे आजोबा

बहारीनला जनाबियात मी एका गोऱ्या साहेबाकडे स्वयंपाकाला होते. भिंतीवर त्याच्या आजोबांचा बॅट धरलेला फोटो होता. व्हिक्टोरिया राणीच्या पलटणीत कॅप्टन, क्रिकेट नुसतं हौसेखातर. साहेब मिशी चोळत सांगायचा आणि दर पार्टीला आजोबांना वेगळ्या लढाईत मारायचा. माझं गाव साताऱ्याकडचं हे त्याला कळलं, तसे पुढच्या पार्टीला आजोबा साताऱ्यात मेले. पाहुण्यांनाही कळणाऱ्या मोडक्या हिंदीत साहेब म्हणाला,

"लोग अभी भी कबर पे नारियल फोडता है. बाई, बोलो, सच है ना?"

पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. माझा व्हिसा साहेबाच्या हातात होता.

"साब, हमारे गाव में नारळ देव को फोडते, साब लोग को नहीं."

सगळ्यांच्या आधी साहेबच हसला. नोकरी राहिली, पण त्या हसण्याचा मला कधी भरवसा वाटला नाही.