व्हर्नेल साल्टरचे नाक

खाडीकाठचे लोक म्हणत, हॉइट साल्टरने एखाद्या रात्री परक्या बाईच्या उंबऱ्यात पाऊल टाकले तर एक वेळ खपून जाईल. पण ॲसिटोनच्या डब्याचे झाकण उघडे टाकून त्याने घरी जाऊ नये. पहिल्या गुन्ह्याला त्याची बायको कदाचित क्षमा करील, दुसऱ्याचा वास तिला फाटकापाशीच येईल. समोरच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या इमोजीनबाई तर चर्चच्या पायऱ्यांवर सर्वांदेखत सांगत, "देवानं आधी नाक घडवलं, आणि उरलेल्या मातीची व्हर्नेल केली."

व्हर्नेल हसत नसे, रागावतही नसे.

होड्यांच्या कारखान्यात काचतंतूंचे कापड साच्यावर अंथरायचे आणि त्यावर रोलरने पातळ, चिकट रेझिन चढवायचे, हे काम ती लग्नाआधीपासून करत होती. रेझिन हाताला, रोलरला, केसांना, जिथे लागेल तिथे दगड होऊन बसते. त्याला सोडवणारे एकच, ॲसिटोन. पाण्यासारखे नितळ, गोडसर वासाचे, आणि हातावर घेतले तर बर्फासारखे गार लागून डोळ्यांदेखत उडून जाणारे. त्या गारव्याला माणसे भुलत. काम सुटल्याचा भोंगा झाला की पुरुष बादलीत कोपरापर्यंत हात बुडवत. हातांची साल निघून भेगा पडत, तरी बुडवत.

ती बादली व्हर्नेलने बंद केली. उडून गेले म्हणजे नाहीसे झाले असे नव्हे, हे तिने एकदा पाहिले होते. ॲसिटोनची वाफ हवेहून जड. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते. एका हिवाळ्यात ती अशीच बादलीतून उतरली, दाराच्या फटीखालून पलीकडच्या खोलीत गेली आणि पाणी तापवण्याच्या टाकीखाली तेवत असलेल्या ज्योतीला भिडली. आग त्याच वाटेने परत बादलीपाशी आली. बादलीपाशी व्हर्नेलचा भाऊ डेल्मस हात धूत उभा होता. त्याला पुरताना शवपेटी उघडली नाही.

तेव्हापासून नवे येणारे कामगार आधी तिच्या हाती सोपवले जात. पिंपातून डब्यात ओतताना दोहोंना तांब्याच्या तारेने जोडायचे, कारण कोरड्या थंडीत नुसत्या ओतण्यानेही ठिणगी पडते. फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यात. हातमोजे, तोंडावर मुखवटा, आणि कितीही गारठा असला तरी दारे उघडी.

"व्हर्नेलबाई, नुसता वास आहे हो, भूत नव्हे," असे कोणी तरी म्हणेच.

"भूत दारातून येतं, बाबा. हे दाराखालून येतं."

आणि कोणाला वाफ लागलीच, डोके गरगरले, मळमळले, तर त्याला बाहेर धक्क्यावर नेऊन वाऱ्याकडे तोंड करून बसवायचे आणि बर्फ घातलेला गोड चहा पाजायचा. हा उपाय कोणी काढला हे कोणाला ठाऊक नव्हते. पण त्या काठावर त्याच्यावर बाप्तिस्म्याइतका विश्वास होता. बहुधा गुणही येई.

हॉइट त्याच कारखान्यात साचे घासून चकचकीत करण्याच्या कामावर होता. अबोल माणूस. त्या वर्षी पानगळीपासून तो वाळत चालला होता. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवे भोक पाडले. तहान खूप लागे, रात्री उठावे लागे. विचारले तर म्हणे, "वय झालं."

नाताळसाठी कारखान्याला कुलूप लागले. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी कालवांचे कालवण आणि मक्याची भाकरी तशीच टाकून हॉइट बसला होता. ताटली उचलायला व्हर्नेल त्याच्यावर वाकली आणि थबकली.

"डबा कुठं ठेवलायस?"

"कसला डबा?"

"हॉइट, कारखाना बंद आहे आणि तुझ्या तोंडाला ॲसिटोनचा वास येतोय."

"तुझ्या नाकात भरलाय तो. आज तीस वर्षं."

"शेडमध्ये ती फुटकी होडी सांधतोयस तू. दार लावून, रॉकेलचा हीटर पेटवून. डेल्मसचं काय झालं ते विसरलास?"

"होडी उलटी करण्याइतकी ताकद तरी राहिलीय का माझ्यात?"

तिला ती पळवाट वाटली. तिने हीटर उचलून अंगणात नेऊन ठेवला, शेडची दोन्ही दारे सताड उघडली आणि शोधायला सुरुवात केली. जाळ्यांच्या ढिगाखाली, खेकड्यांच्या पिंजऱ्यांमागे, रंगाच्या फळीवर, ट्रकमधल्या हत्यारांच्या पेटीत. डबा सापडला नाही. सापडला नाही म्हणून तिचा संशय फिटला नाही, उलट घट्ट झाला: इतका लपवला आहे, म्हणजे भरलेला असणार.

"काय गं, सोनं पुरून ठेवलंय का?" इमोजीनबाईंनी रस्त्यापलीकडून हाक दिली.

"सोनं नाही, सरण ठेवलंय," व्हर्नेल म्हणाली. "माझ्याच घरात."

दुसऱ्या दिवशी हॉइटला उलट्या सुरू झाल्या. उभा राहिला की झोकांड्या जात. वाऱ्याविरुद्ध वल्ही मारणारा माणूस ओढतो तसा तो श्वास ओढू लागला, खोल आणि भराभर. आणि प्रत्येक श्वासाबरोबर तो वास. मळमळ, भोवळ, वास: नव्या कामगारांना ती हीच लक्षणे शिकवत असे. मग तिने तेच केले जे ती शिकवत असे. ओसरीवर वाऱ्याकडे तोंड करून खुर्ची टाकली, त्याला गोधडीत गुंडाळून बसवले आणि गोड चहाचा मोठा पेला हातात दिला.

तो घटाघटा प्यायला. "अजून दे."

तिला बरे वाटले. तिने चहाची सुरईच त्याच्याजवळ ठेवली.

"तू बस वाऱ्याला. मी तो डबा शोधून काढते. नाही तर उद्या तूही नसशील आणि घरही नसेल."

"व्हर्नेल," तो डोळे मिटूनच म्हणाला, "डबा नाहीये गं."

तिने शेडमधली एकेक फळी उचकटली. परत आली तेव्हा सुरई रिकामी होती आणि हॉइट हाकेला ओ देत नव्हता.

रुग्णालयात परिचारिका त्याच्या तोंडाशी वाकली आणि तत्क्षणी सरळ झाली. "यांना मधुमेह आहे?"

"नाही. त्यानं ॲसिटोन हुंगलंय. चोरून."

"हुंगलेलं नाही हे, बाई. रक्तातली साखर अंगी लागेनाशी झाली की शरीर चरबी जाळतं, आणि हेच रसायन आतल्या आत तयार होतं. श्वासाला तोच वास येतो." मग तिने विचारले, "पोटात काय गेलंय यांच्या?"

व्हर्नेलने सांगितले. सलाइनची बाटली अडकवायला परिचारिकेने पाठ फिरवली.

हॉइट शुद्धीवर आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. डेल्मसशेजारी त्याला पुरले. या वेळी पेटी उघडी होती.

नव्या वर्षी कारखाना सुरू झाला आणि व्हर्नेल कामावर गेली. रोलर फिरवत राहिली. नव्या माणसांना शिकवायला फोरमनने बोलावले तेव्हा तिने मान हलवून नाही म्हटले. महिन्याभरात ती बादली मोरीपाशी परत आली. भोंग्यानंतर माणसे कोपरापर्यंत हात बुडवू लागली. ती शेजारून जाई. त्यांच्याकडे पाहत नसे.

इमोजीनबाईंनी बरेच दिवस जीभ आवरली होती. वसंताच्या तोंडावर एका संध्याकाळी त्या ओसरीवर येऊन बसल्या. हॉइटची खुर्ची अजून वाऱ्याकडेच तोंड करून होती.

"राग मानू नकोस, पोरी," त्या म्हणाल्या. "साऱ्या खाडीचा वास घेणारं तुझं नाक. ते त्या दिवशीच कसं गं फसलं?"

"फसलं नाही," व्हर्नेल म्हणाली. "वास मला आला होता. म्हणून तर मी डबा शोधत बसले."