शेतातली पंगत

माझ्या आजेसासूबाईंनी उभ्या जन्मात कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही. समोरचा दोन शब्द बोलतो न बोलतो तोच त्या विचारायच्या, "जेवलास का?" त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, जेवलेली आणि जेवायची राहिलेली. तलवाड्यात सगळे त्यांना मोठी माय म्हणत. एकदा बांधाच्या भांडणावरून तावातावाने आलेला शेजारी पिठलं-भाकरी खाऊन, ढेकर देऊन निघून गेला. वेशीपाशी पोचल्यावर त्याला आठवलं, की आपण भांडायला गेलो होतो. तो परत आला, तर मायनी त्याला ताक दिलं. त्यांचं माहेर नांदूरघाट. तिथली ज्वारी गोड, तिथलं पाणी हलकं, आणि सूर्यसुद्धा तिथे जरा लवकर उगवत असावा अशी त्यांची समजूत होती. म्हशीला वैरण टाकायला उशीर झाला, तर त्या तिच्या पाठीवर हात ठेवून रीतसर माफी मागत.

मी पहिलटकरीण होते, दिवस भरत आले होते, आणि तेव्हाच गावात प्लेग आला. घराघरांत उंदीर मरून पडू लागले, तसं सगळं गाव घरं सोडून शेतात खोपी घालून राहायला गेलं. लोकांनी गाड्यांत पेट्या आणि भांडी भरली. मायनी आधी जातं चढवलं. सासरे कुरकुरले, की निदान कपड्यांची पेटी तरी घ्या. माय म्हणाल्या, "पेटी दळती का?" शेतात पोचल्यावर त्यांनी कुडाच्या खोपीलाही मातीचा उंबरा केला, तो सारवला आणि रोज त्यावर रांगोळी काढू लागल्या. दार मात्र नव्हतंच.

एका सकाळी मला कळा सुरू झाल्या. सुईण शेजारच्या गावात राहायची, आणि साथ पसरू नये म्हणून वाटेवर निजाम सरकारचा एक जवान पहाऱ्याला बसवला होता. आमच्याकडचं माणूस पलीकडे जाऊ द्यायचं नाही, असा त्याला हुकूम. माझे यजमान जाऊन हातापाया पडले आणि तसेच परत आले. सासूबाई रडायला लागल्या. मायनी भाकरी, झुणका, कांदा फडक्यात बांधला आणि काठी टेकत निघाल्या.

पुढचं, त्यांच्या मागोमाग गेलेल्या यजमानांनी मला सांगितलं. जवान लांबूनच ओरडला, "अम्मा, हुकूम नै है." मायनी सवयीप्रमाणे विचारलं, जेवलास का. तो सकाळपासून उपाशी होता. त्यांनी फडकं दगडावर ठेवलं, मागे सरून बसल्या, आणि तो खात असताना सुईणीचा विषयसुद्धा काढला नाही. त्याच्या गावाकडची भाकर जाड असते की पातळ, एवढंच विचारत राहिल्या. शेवटचा घास संपल्यावर त्यानेच विचारलं, की तुमच्याकडे अडलंय कोण? सगळं ऐकून तो म्हणाला, की इकडून तिकडे जायला मनाई आहे, तिकडून इकडे कुणी येऊ नये असं मला कुणी सांगितलेलं नाही. आणि पलीकडच्या गुराख्याला हाक मारून त्याने सुईणीला निरोप धाडला.

सुईण आली, माझी थोरली सुखरूप झाली. पण आत आलेल्या बाईला परत जायला हुकूम नव्हता, त्यामुळे साथ ओसरेपर्यंत ती आमच्याकडेच अडकली. लसूण किती घालावा यावरून तिचं आणि मायचं रोज वाजायचं, आणि जेवायला मात्र दोघी शेजारी बसायच्या.

साथ सरली. गावातली कितीतरी माणसं गेली होती, आमची सगळी वाचली. परत निघायच्या दिवशी गाडी भरली, बैल जुंपले, तरी माय विझलेल्या चुलीपाशी उभ्याच. मी लेक घेऊन जवळ गेले. म्हटलं, "माय, चला ना."

"लोकांवर वंगाळ येळ आली, बोलू न्हाई," त्या हळूच म्हणाल्या, "पन मला हितं लई बरं वाटलं बग. घरात बाप्ये वसरीवर जेवतेत, मी आतून वाढती. इतकी वर्सं निस्ते हात दिसले, ताट सरकवनारे. हितं सगळे एका जागी बसले. जेवताना माज्या लेकरांची तोंडं मी हितं पाहिली."

मग पदर सारखा करून त्या गाडीत चढल्या. आम्ही सगळे गावाकडे तोंड करून बसलो होतो. त्या तेवढ्या शेताकडे तोंड करून बसल्या.