नंबरानं चालणारे काकाजी

वर्धा जिल्ह्यात एखाद्या कारखान्याचं भूमिपूजन झालं आणि आमचे काकाजी तिथं हजर नव्हते, असं त्या काळात एकदाही घडलं नसेल. निमंत्रण कुणीच देत नसे. वडनेरहून पहिल्या एसटीनं निघायचं, मांडवात पुढं बसायचं आणि पाहुण्यांचं भाषण संपलं की उभं राहून विचारायचं, "साहेब, पोट्टे किती लागतीन?" पाहुणे प्रगतीबद्दल बोलत, उत्पादनाबद्दल बोलत. काकाजी शांतपणे ऐकत आणि म्हणत, "ते समजलं. पोट्टे किती?"

माझ्या वडिलांचे हे चुलतभाऊ चौथी शिकलेले. पण गावातल्या प्रत्येक शिकलेल्या मुलाचं नाव वर्ध्याच्या रोजगार कार्यालयात नोंदवण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. नोंदणीच्या कार्डाचं मुदतीत नूतनीकरण झालं नाही की नाव यादीच्या तळाशी जाई. म्हणून एका नवरदेवाला त्यांनी हळदीच्या अंगानं एसटीत बसवून सही करायला नेलं. "लगन उद्या हाये, कार्डाची तारीख आज," एवढंच त्यांनी वधूपक्षाला सांगितलं. त्याच लग्नाच्या पंगतीत पोरांना त्यांनी नोंदणीच्या क्रमानं बसवलं. मी बी. ए. झालेला, आमच्या घराण्यातला पहिला, तरी मला शेवटचं पान मिळालं.

पदवी घेऊन दोन वर्षं मी रिकामा होतो. तेवढ्यात हिंगणघाटच्या रस्त्यावर सुताचा मोठा कारखाना सुरू झाला आणि काकाजी मला घेऊन तिथं गेले. मॅनेजर भला माणूस. त्यानं आम्हाला आत नेलं. लांबलचक यंत्र आपोआप सूत कातत होतं, आजूबाजूला चार माणसं फिरत होती. "जुन्या पद्धतीत इथं चाळीस लागली असती," तो कौतुकानं म्हणाला. काकाजींनी यंत्राला एक पूर्ण फेरी मारली.

"ह्या मशिनीचं कार्ड कोणत्या सालचं?"

"कसलं कार्ड?"

"आमचे पोट्टे आठ-आठ वर्षं लायनीत हायेत. हे काल आली अन् लागली बी. काऊन?"

मॅनेजर हसला, मग त्यानं पुन्हा एकदा यंत्राकडे पाहिलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "टाइमकीपरची एक जागा आहे. याला उद्यापासून पाठवा."

माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. काकाजींनी विचारलं, "मॅट्रिक चालते का?"

"चालतं."

"मंग हा नाई. आनंद येईन. त्याचा नंबर पयले हाये."

आनंद बुद्धविहाराजवळ राहायचा. मॅट्रिक होऊन रोजगार हमीवर गिट्टी फोडत होता.

परतताना मी दहा पावलं पुढं चालत राहिलो. स्टँडवर काकाजी म्हणाले, "राग आला ना बापू?"

"आला."

"माह्यावर ठेव. आनंदवर नोको ठेवू."

आईनं पुढं दोन महिने त्यांना चहा दिला नाही. ते मात्र रोज चहाच्या वेळेला येऊन बसत.

माझा नंबर आणखी पाच वर्षांनी लागला, वर्ध्याच्या एका शाळेत. काकाजी तेव्हा राहिले नव्हते. आज कुणी ओळख विचारली की मी आधी त्यांचा पुतण्या म्हणून सांगतो, पदवीचं मागाहून. रुजू व्हायला निघालो त्या सकाळी आनंद रजा टाकून मला पोचवायला आला होता. गाडी सुटेपर्यंत त्यानं खिडकीतून माझा हात धरून ठेवला.